किल्ली फिरवण्याआधी

आज खंडेनवमी आहे असं समजा. नसली तरी हरकत नाही, कुठलीही पहाट चालेल. अश्विनात नागपूरची पहाट जराशी गार असते आणि नऊ वाजले की ऑक्टोबरचं ऊन चटके देऊ लागतं. त्या आधीच्या तासाभरात खाली या. गाडीची किल्ली सोबत घ्या. जायचं मात्र कुठेही नाही.

गाडीपाशी थोडं उभे राहा. रात्री कडुनिंबाखाली लावली असेल तर टपावर बारीक पिवळी पानं पडली असतील, काचेवर दव असेल. पुसू नका. गाडीभोवती सावकाश एक फेरी मारा. माझे बाबा रोज सकाळी अशी फेरी मारायचे आणि मागच्या चाकाशी आले की खाली वाकून बघायचे. आम्हा बहीणभावांना वाटायचं, ऑइल गळतंय का ते बघतात. खरं कारण शेवटी सांगते.

आता दार उघडून आत बसा आणि दार ओढून घ्या. दूधवाल्याची घंटी, झाडलोटीचा आवाज, सगळं एकदम लांब जातं. ही शांतता ओळखीची वाटते का बघा. घरात पाच माणसं, ऑफिसात पन्नास. कित्येकांना दिवसभरातला एकांत मिळतो तो इथेच. संध्याकाळी घरी पोचल्यावर गाडी बंद करून दोन मिनिटं तसंच बसून राहणारी माणसं मी पाहिली आहेत. मीही बसते.

फोन बाजूला ठेवा. श्वास नेहमीसारखा चालू द्या. एकच प्रश्न घेऊन बसायचं आहे: लोखंड, रबर आणि काचेच्या या वस्तूवर आपला एवढा जीव का?

उत्तराची घाई करू नका. प्रश्न नुसता मांडीवर घेऊन बसा.

पहिली गाडी

डोळे मिटा. आयुष्यात पहिल्यांदा ज्या गाडीत बसलात ती आठवा. ती आपल्या घरची असायला हवी असं नाही. मामाची असेल, शेजाऱ्यांची असेल. कुणाला डिसेंबरातल्या विधिमंडळ अधिवेशनासाठी रांगेनं उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या ॲम्बेसेडर आठवतील. कुणाला वऱ्हाडासाठी भाड्यानं केलेली सुमो आठवेल, दहाजणांच्या जागेत चौदाजण कोंबलेली. १९९४ साली आलेल्या त्या गाडीचं नाव सुमंत मूळगावकर यांच्या नावाआडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून ठेवलं होतं. टेल्को ज्यांनी उभी केली ते मूळगावकर तेव्हा हयात नव्हते. एका मराठी माणसाचं नाव गावोगावच्या लग्नांत असं फिरत राहिलं आणि आत बसलेल्यांना ते ठाऊकही नव्हतं.

गाडीचा रंग आधी आठवेल, मग वास येईल. वास आला की तिथेच थांबा.

माझ्यापुढे येते ती बाबांची फियाट. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी होती, पण आमच्या धरमपेठेत सगळे तिला फियाटच म्हणत. रंग दुधी. गिअरचा दांडा स्टेअरिंगलाच लावलेला आणि पुढची सीट बाकासारखी सलग, त्यामुळे आईबाबांच्या मध्ये माझी जागा. मे महिन्यात रेक्झिन इतकं तापायचं की आई आधी ओला पंचा पिळून सीटवर पसरायची. तापलेलं रेक्झिन, पेट्रोल आणि ओला पंचा, हा माझ्या लहानपणाचा वास आहे.

ही गाडी मुंबईत कुर्ल्याला बनायची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. महायुद्ध चालू होतं, राज्य इंग्रजांचं होतं, आणि आपण मोटार बनवायची हे त्यांनी तेव्हा ठरवलं. पुढे इटलीच्या फियाटच्या परवान्यावर तिथे ‘११००’ तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात तिला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. नवी नोंदवली तर वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. बाबांनी जुनीच घेतली, एका डॉक्टरांकडून. ती घरी आली त्या संध्याकाळी आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. नव्या सुनेवरून ओवाळून टाकावा तसा तिनं तो गाडीवरून ओवाळून टाकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे टेकडीच्या गणपतीला गेलो. नागपुरात गाडी घेतली की ती आधी कुठेतरी पायाशी न्यायची, मग बाकीच्या गावाला दाखवायची. कुणी टेकडीला नेतं, कुणी कोराडीला देवीकडे, कुणी ताजबागला, कुणी दीक्षाभूमीला. आमच्या फियाटच्या चारही चाकांखाली लिंबं ठेवली होती. ती फुटेपर्यंत बाबांनी श्वास रोखून धरला होता, हे मला त्यांच्या शेजारी बसून दिसत होतं.

आता तुमच्या त्या पहिल्या गाडीत तुमच्या शेजारी कोण बसलं होतं ते बघा. पुढे कोण होतं? खिडकी कुणाला मिळाली होती? त्यांतलं आज कोण आहे, कोण नाही?

आठवायला गाडी सांगितली होती आणि माणसं आली. त्यांना येऊ द्या. थोडा वेळ त्यांच्यासोबत बसा.

स्वतःचा घोडा

आता हात स्टेअरिंगवर ठेवा. नुसते ठेवा, पकडू नका. बोटं रोज जिथे टेकतात तिथे कव्हर गुळगुळीत झालेलं लागेल. तो गुळगुळीतपणा तुमच्या हातांनी आला आहे.

आपल्या गावाच्या मधोमध झिरो माइल आहे. इंग्रजांच्या काळातला वालुकाश्माचा खांब, त्याच्याजवळ चार घोडे, आणि दगडावर कोरलेली लांबलांबच्या गावांची अंतरं. सिग्नलला थांबल्यावर तिकडे नजर जाते तेव्हा मला शिलेदार आठवतात. मराठी फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असत. सरकारी पागेतला घोडा घेऊन लढायचा तो बारगीर. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन यायचा तो शिलेदार. घोडा गेला तर शिलेदाराचं नुकसान स्वतःचंच. पण त्या घोड्याला रात्री चंदी कुणी द्यायची, थोपटायचं कुणी, हा प्रश्न त्याच्या मनात कधी आला नसेल.

तसा स्वतःचा घोडा पुढे साध्या माणसाच्या दारी आला. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली हरपाल सिंग यांच्या हाती दिली. सोडतीत त्यांचं नाव निघालं होतं. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ताकद चाळीस अश्वशक्तीहूनही कमी. आज हा आकडा लहान वाटतो. पण भोसल्यांच्या काळात तीसपस्तीस घोडे पदरी बाळगणाऱ्याला लोकांनी वाकून मुजरा केला असता. तेवढं बळ एका शाळामास्तराच्या, एका बँकेतल्या कारकुनाच्या उजव्या पायाखाली आलं. आधी कुणाच्या तरी वेळापत्रकावर चालणारा माणूस स्वतःच्या वेळेवर निघू लागला.

माझी मावशी पन्नाशीला आल्यावर मारुती शिकली. पहाटे सेमिनरी हिल्सच्या चढावर गाडी मागे सरकायची आणि ती हँडब्रेक ओढून रडवेली व्हायची. तीन महिन्यांनी एका सकाळी ती घरी कुणाला न सांगता एकटीच निघाली आणि दुपारी परत आली. “रामटेकला जाऊन आले,” म्हणाली. मग पाणी प्यायली आणि पुढचं वाक्य फार हळू बोलली, “कुणाला विचारावं नाही लागलं गं.”

तुम्ही पहिल्यांदा कुणाला न विचारता कुठे गेला होतात? त्या दिवसाचा रस्ता आठवा. वाटेतलं एखादं वळण, एखादी टपरी. गाडीवरचा जीव थोडासा तिथून सुरू होतो का, ते तपासून बघा.

नाकारलेली जागा

इथे जरा अधिक थांबायचं आहे, कारण या गावात दसरा म्हटला की दीक्षाभूमी आहे.

१९०१ सालची गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. वडील कोरेगावला नोकरीला. मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. नीटनेटके कपडे, हातात पैसे. जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर राजी झाला, तोही या अटीवर की बैल मुलांनीच हाकायचे, तो बाजूनं चालेल. पुढे १९२९ साली चाळीसगावला तेच झालं. तेव्हा ते बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सदस्य होते. त्यांचा टांगा हाकायला टांगेवाला कबूल होईना. वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्यानं आणला आणि कधी टांगा न हाकलेल्या माणसाच्या हाती लगाम दिला. पुलावर टांगा धडकला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला.

या दोन गोष्टी मनात ठेवून दसऱ्याला वर्धा रोडवर किंवा कामठी रोडवर उभे राहा. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेची आठवण घेऊन गावोगावहून गाड्या येत असतात. ट्रक, जीप, बोलेरो, हप्त्यावर घेतलेल्या नव्या कोऱ्या छोट्या गाड्या. मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत ‘जय भीम’. आत आजी, सुना, नातवंडं, मांडीवर डबे.

माझे एक सहकारी आपल्या गाडीला दर रविवारी दोन तास देतात. फडकं, बादली, टूथब्रशनं चाकांच्या फटी. एकदा मी सहज म्हटलं, एवढं कशाला करता? ते हात पुसत म्हणाले, “आमच्या आज्याले गावात कोणी खासरात (बैलगाडीत) बसू नव्हते देत. मी आईले पुढच्या सीटवर बसवतो.” आणि पुन्हा पुसायला लागले.

गाडीची हौस म्हणजे दिखावा, असं मी तोवर कधीकधी बोलून जायची. त्या रविवारनंतर बोलले नाही. कुणाच्या गाडीत किती पिढ्यांची पायपीट बसलेली असते, ते बाहेरून दिसत नाही.

तुमच्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघा. तिथे तुम्ही कुणाला बसवलंत? कुणाला बसवायचं राहून गेलं?

ओझं वाहणारा

आता पाठ सीटला टेकवा आणि सगळा भार सोडून द्या. मान, खांदे, कंबर. ही सीट तुमचं वजन किती वर्षं पेलते आहे?

माझे आजोबा काटोलकडचे. त्यांच्याकडे रेंगी होती. आपल्या विदर्भातली ती हलकी, वेगानं पळणारी बैलगाडी. लांबच्या प्रवासाहून आले की ते आधी बैल सोडत, त्यांच्या मानेवर जूं बसतं तिथली जागा हातानं चोळत, मग स्वतः पाणी पीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच खांद्यांना लोणी आणि हळद लावून शेकायचं आणि बैलाच्या कानात उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर काहीही ठेवायचं नाही. वर्षभर ज्यानं ओझं वाहिलं त्याला एक दिवस बिनओझ्याचा. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आपल्या नागपुरात लहान मुलं लाकडी बैलांना सजवून दारोदार नेतात, म्हणजे ज्याच्या घरी गोठा नाही त्या पोरालाही ही रीत हातानं करून कळते.

बाबा शहरात आले, रेंगी गावात राहिली. पण बाबा ऑफिसातून आले की गाडीतून उतरून बॉनेटवर तळहात ठेवत. दोनतीन सेकंद. तापलेल्या पत्र्यावर हात का ठेवतात, हे मला तेव्हा कळायचं नाही. आजोबांचा हात बैलाच्या मानेवर मी पाहिला होता आणि बाबांचा बॉनेटवर, तरी दोन्ही एकच आहेत हे कळायला मला माझी स्वतःची गाडी घ्यावी लागली.

आपल्या गाडीनं काय काय वाहिलं, ते आता एकेक करून आठवा. घाई नको. बाळाला दवाखान्यातून घरी आणलं तो दिवस. त्या दिवशी बर्डीच्या गर्दीतून तुम्ही किती हळू चालवली होती. रात्री दोन वाजता वडिलांना मेडिकलला नेलं ती रात्र. सगळे सिग्नल लाल. संत्र्यांची पोती, गणपतीची मूर्ती, मुलीचं होस्टेलचं सामान. तिला सोडून परत येतानाची रिकामी मागची सीट. अस्थींचा कलश मांडीवर घेऊन शेजारी बसलेला भाऊ.

या सगळ्या वेळी गाडी होती. तिनं काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. घेऊन गेली आणि घेऊन आली. माझ्या मनानं जे उत्तर धरलं आहे ते इथलं आहे: गाडीवरचं प्रेम म्हणजे ओझं वाहणाऱ्याबद्दलची कृतज्ञता. ती आपल्याला पोळ्यानं शिकवली आहे आणि बैलावरून उतरून ती इंजिनावर आली. खंडेनवमीला झेंडूची माळ घालताना आपले हात ती आपोआप व्यक्त करतात.

आवाज

किल्ली अजून फिरवू नका. गाडी सुरू होतानाचा आवाज मनातच ऐका. आपल्या गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी असतानाच घरच्यांना कळतो. आई गॅसवर चहा ठेवायची ती फियाटचा आवाज ऐकून.

इंजिनही श्वास घेतं. आत ओढतं, दाबतं, पेटवतं, बाहेर सोडतं. नुसत्या उभ्या गाडीत मिनिटाला आठशे फेरे धरले तर तीन सिलिंडरच्या इंजिनात एका मिनिटात बाराशे वेळा ठिणगी पडून इंधन पेटतं. तुम्ही त्या मिनिटात पंधराएक श्वास घेता. तुमच्या प्रत्येक श्वासाला त्याचे ऐंशी.

फियाट ज्या गॅरेजमध्ये जायची तिथले उस्ताद आधी बॉनेट उघडत नसत. गाडी चालू ठेवायला सांगत, डोळे मिटून उभे राहत. एकदा बाबा आवाजाबद्दल खूप काही सांगू लागले, तेव्हा उस्तादांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “गाडी बोलून राहिली भाऊ, तुम्ही ऐकून नाई राहिले.” मग बाबा गप्प झाले आणि दोघं मिळून ऐकत उभे राहिले. माणसावर प्रेम करायचं तर आणखी काय करावं लागतं?

२६ मे २०१७ ला विजेवरच्या टॅक्सींचा मोठा प्रयोग आपल्याच गावात सुरू झाला. आता माझ्या भाचीची गाडी विजेवर चालते. तिला आवाज जवळजवळ नाही. मला आधी चुकल्यासारखं वाटलं. पण भाची रात्री गाडी चार्जिंगला लावते तेव्हा प्लग नीट बसला का ते दोनदा बघते, मग तिला एकदा थोपटून वर येते. आजोबा गोठ्यात चारा टाकून असेच दोनदा वळून बघायचे.

चार तळहात

आता लक्ष खाली न्या. पायांच्या खाली, पत्र्याच्या खाली, जिथे टायर जमिनीला टेकतो तिथे. एक टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेत टेकतो. चार टायर, चार तळहात. तुमचं सगळं घर तेवढ्यावर उभं असतं.

शिवमडक्याहून समृद्धी महामार्ग सुरू होतो. ११ डिसेंबर २०२२ ला तो शिर्डीपर्यंत खुला झाला आणि ५ जून २०२५ ला मुंबईकडचा शेवटचा टप्पा मिळून ७०१ किलोमीटर पूर्ण झाला. कारला ताशी १२० ची मर्यादा. या वेगानं एका सेकंदात ३३ मीटर जातात. दोन सेकंद फोनकडे पाहिलं की ६६ मीटर तुम्ही न बघता गेलात. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक बस याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. त्या रात्री आपल्या गावातल्या कित्येक घरांनी बसस्टॉपवर कुणाला तरी हात हलवून निरोप दिला होता. त्यांच्यासाठी एक श्वास थांबा.

दुसरा रस्ता उत्तरेला जातो, राष्ट्रीय महामार्ग ४४, पेंचच्या जंगलातून. तिथे जनावरांना जाता यावं म्हणून रस्ताच खांबांवर उचलून घेतला आहे. त्या पुलांखालून वाघ गेल्याची छायाचित्रं वन्यजीव अभ्यासकांच्या कॅमेऱ्यांनी टिपली आहेत. तुम्ही वरून सिवनीकडे जात असता, आणि तुमच्या त्या चार तळहातांच्या खाली, सावलीतून, एखादी वाघीण पिलांना घेऊन पलीकडे जात असते. तिला तुमचं भय नसतं, कारण कुणीतरी आधी तिचा विचार केला.

आपला वेग कुणाला भय देतो? सायकलवरच्या शाळकरी मुलाला? काठी टेकत रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्याला? हॉर्न किती वेळा गरजेचा होता आणि किती वेळा नुसत्या चिडीचा? गाडीवर प्रेम आणि रस्त्यावरच्या माणसावर राग, हे दोन्ही एका मनात किती दिवस राहू द्यायचं? हा प्रश्न कठीण आहे. मलाही आहे. पण तो टाळून पुढे जाता येत नाही.

निरोप

फियाट गेली त्या दिवशी बाबा कुणाशी बोलले नाहीत. घेणारा दहाला येणार होता. बाबांनी पहाटे उठून ती धुतली. सीटखालचं पिवळं फडकं काढून घेतलं, डॅशबोर्डवरचा छोटा गणपती काढला, मग थोडा विचार करून परत तिथेच ठेवला. म्हणाले, “त्याला सवय झालीय हिची.” आईनं बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत दोघं फाटकात उभे होते आणि वळल्यावरही आत आले नाहीत, कारण आवाज अजून येत होता.

पहिल्या मारुतीचे मालक हरपाल सिंग यांनी आपली गाडी अखेरपर्यंत विकली नाही. २०१४ साली मारुती ८०० बनणं थांबलं आणि त्याच वर्षी ॲम्बेसेडरही. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर काळीपिवळी पद्मिनी धावायची थांबली. यंत्राला आयुष्य असतं, आणि ते आपल्याहून कमी असतं. तुमचीही गाडी एक दिवस जाईल. तिच्या टपावर हात टेकवून ती कबुली आजच द्या. दुःख करायचं नाही. जे जाणार आहे त्याच्याशी आज नीट वागायचं, एवढंच.

उतरताना

डोळे उघडा. उजाडलं असेल. दार उघडून खाली उतरा आणि पुन्हा एक फेरी मारा. मागच्या चाकापाशी या.

बाबा का वाकायचे ते आता सांगते. फियाट येऊन थोडेच दिवस झाले होते. हिवाळ्यातली सकाळ, बाबांना उशीर झालेला. त्यांनी किल्ली फिरवली, गाडी मागे घेतली आणि एक बारीक आवाज आला. रात्रीच्या थंडीत आडोशाला गल्लीतल्या कुत्रीची पिलं चाकाआड येऊन झोपली होती. एक गेलं. बाबा त्या दिवशी ऑफिसला गेले नाहीत. अंगणातल्या कडुनिंबाखाली त्यांनी त्याला पुरलं आणि त्यानंतर गाडी कुठलीही असो, घाई कितीही असो, खाली वाकून बघितल्याशिवाय त्यांनी कधी किल्ली फिरवली नाही. हे आईनं मला सांगितलं, ते गेल्यावर.

दसरा झाला की महिन्याभरात नागपुरात थंडी सुरू होईल. गाडीला झेंडूची माळ घाला, लिंबं ठेवा, हवं तर पेढे वाटा. पण त्यानंतर रोज सकाळी, किल्ली फिरवण्याआधी, एकदा खाली वाकून चाकाआड बघा.